कलेसाठी कपावर कप

आमच्या घरात चहा उकळतो. आलं ठेचून टाकायचं, साखर अंमळ जास्त, दूध म्हशीचं, आणि फेस दोनदा काठाला येऊन बसला की गाळायचा. दोऱ्याला बांधलेली पुडी गरम पाण्यात बुचकळण्याला माझी आई 'आजाऱ्याचं पाणी' म्हणते. या बाबतीत, कधी नव्हे ते, आमचं एकमत आहे.

पण लेक आर्टला आहे, आणि तिला चित्रं काढायला टीबॅगा हव्यात. वापरलेल्या. पुडी नुसती बुडवून पाणी मोरीत ओतावं, असं मी सुचवून पाहिलं. "पप्पा, चहा वाया घालवायचा?" आई डिप चहाला तोंड लावत नाही. बायकोला त्यानं पित्त होतं. हे पित्त टीबॅगांचा खोका घरात आला त्या दिवशीच सुरू झालं. राहिलो मी.

पिऊन सुटका होत नाही. पुडी पिळायची नाही, बशीत तिरकी ठेवायची, म्हणजे एका कडेला रंग दाट उतरतो. वाळली की घडी नखानं उलगडायची, पत्ती कुंडीत झटकायची. उरतो तो कागद इतका पातळ की मागचं बोट दिसतं, पण फाटत नाही. फिलिपिन्समध्ये केळीच्या कुळातलं अबाका नावाचं झाड वाढतं, त्याचा वाख त्यात असतो. अमेरिकेत रुबी सिल्व्हियस नावाच्या चित्रकर्तीनं 2015 मध्ये जवळजवळ वर्षभर रोज अशा एका टीबॅगेवर चित्र काढलं. नाव चित्र काढणाऱ्याचं होतं, चहा पिणाऱ्याचं कुठं होतंय?

कापडी पुडीच्या पेटंटसाठी अर्ज 1901 साली अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या दोघींनी केला, रॉबर्टा लॉसन आणि मेरी मॅक्लॅरेन. किटलीभर चहा करून उरलेला फेकण्यापेक्षा एका कपापुरता ताजा व्हावा, एवढाच बिचाऱ्यांचा हेतू. आमच्याकडं त्याच पुडीपायी किटलीभर चहा एकट्याच्या पोटात जातो.

मग फोटो. वाफ फोटोत दिसायला ऊन मागून यावं लागतं आणि पाठीमागं काळं असावं लागतं. काळं म्हणजे माझी छत्री. भर थंडीत, सकाळी सकाळी, गच्चीवर बनियनवर स्वेटर घालून मी कोरड्या आभाळाखाली छत्री आडवी धरून उभा असतो. "पप्पा, हलू नका." वाफ विरली की नवा कप. विरलेला कोण पिणार, हे विचारायची सोय नाही.

शेजारच्या वैनींनी दोरीवर चिमट्यांनी लटकलेल्या तपकिरी पुड्या पाहिल्या आणि दबक्या आवाजात आईला विचारलं, "करणी-बिरणी काढून घेतलीसा काय वो?" आईनं "चालूच हाय अजून" म्हणून सांगितलं. तेव्हापासून त्यांच्या घरची वाटी-दोन वाटी साखरेची मागणी बंद झाली. टीबॅगांचा आजवरचा एवढाच फायदा.

चित्रं वाईट असती तर मी केव्हाच संप केला असता. परवा तिनं दोन बोटांच्या कागदावर आमच्या कोल्हापूरचा संध्याकाळचा रंकाळा तलाव काढला. पाणी तिनं रंगवलंच नाही, चहाचा डागच ठेवला, वर फक्त तळ्यातल्या दगडी संध्यामठाच्या चार रेघा. चित्रकार आबालाल रहिमानांनी कोटीतीर्थाचं तळं रंगवलं त्या गावात बापानं आणखी काय बोलावं? मी मुकाट्यानं कप पुढं केला.

आता दुखणं मिरजकर तिकटीच्या टपरीवर गेलं की जाणवतं. समोर कटिंग येतं, आल्याचा वास येतो आणि पोट नको म्हणतं. मित्र म्हणतो, "भावा, डॉक्टरला दाखव." दाखवून काय सांगू?

काल तिला तपकिरी छटांचा कंटाळा आला. जास्वंदीच्या चहाची पाकिटं आली आहेत. तो लाल होतो, आंबट लागतो, आणि चिमूटभर खायचा सोडा टाकला की निळसर पडतो. लाल मी पिईन म्हणालोय. निळ्यावर वाटाघाटी चालू आहेत. आई मध्यस्थ आहे, आणि तिचा कल नातीकडं दिसतोय.