तारीख नाताळानंतरची: ‘रिमेंबर द नाइट’वरच्या आक्षेपांना उत्तर

‘रिमेंबर द नाइट’ या जुन्या हॉलिवूड सिनेमाबद्दल सविस्तर लिहिलंत, आभार. तुमचे आक्षेप तीन. सरकारी वकील आपल्याच खटल्यातल्या आरोपी बाईला नाताळासाठी स्वतःच्या आईकडे नेतो, हे अशक्य. शेवट सेन्सॉरच्या धाकाने चिकटवलेला. आणि सिनेमा इतका चांगला असता तर विस्मरणात गेलाच नसता. पहिला निम्मा मान्य. बाकीचे दोन नाहीत.

आधी खटला. ली (बार्बरा स्टॅनविक) ब्रेसलेट चोरताना सापडते. नाताळ तोंडावर असल्यामुळे ज्युरी हळवी होऊन तिला सोडून देईल, हे सरकारी वकील जॉन सार्जंट (फ्रेड मॅकमरी) ओळखतो. बचावाचा वकील ‘दागिन्याच्या लखलखाटाने तिच्यावर संमोहन झालं’ असं नाटकी भाषण ठोकतो. सार्जंट तोच धागा धरतो, तज्ज्ञाची साक्ष हवी म्हणतो आणि सणानंतरची तारीख मागून घेतो. म्हणजे ली सणभर कोठडीत. मग त्यालाच टोचणी लागते आणि तो तिचा जामीन भरवतो. जामीन मिळवून देणारा भलताच अर्थ काढून तिला थेट त्याच्या घरी आणून सोडतो. इथवर तारीख आणि जामीन, दोन्ही नियमात बसतात. तिला गाडीत घालून आईकडे इंडियाना राज्यात नेणं मात्र गैरच, आणि पटकथा त्याची किंमत वसूल करते. वाटेत परक्या शेतात गायीचं दूध काढल्यावरून दोघं पेनसिल्व्हेनियात पकडली जातात, आग लावून पळतात, आणि परतताना ते राज्य टाळून कॅनडातून यावं लागतं. कॅनडात, म्हणजे अमेरिकी न्यायालयाच्या हद्दीबाहेर पोचल्यावरच ‘तू इथेच राहा’ असं तो तिला म्हणू शकतो. तुम्हाला फुकटचा विनोद वाटलेला गायीचा प्रसंग काढा, की हा सगळा पेच कोसळतो.

आता शेवट. १९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता काटेकोर होती, गुन्ह्याला शिक्षा दाखवावीच लागे, हे खरं. पण पटकथाकार प्रेस्टन स्टर्जेसने ती अट पहिल्याच न्यायालयीन प्रसंगात पेरून ठेवली आहे. तिथे सार्जंट जिंकण्यासाठी ज्युरीची दया टाळतो. शेवटी हरण्यासाठी तीच दया ओढवून घ्यायला बघतो: उलटतपासणीत मुद्दाम इतका कठोर होतो की ज्युरी तिच्या बाजूने झुकावी. ली ते ओळखते आणि गुन्हा कबूल करून मोकळी होते. शिक्षा सेन्सॉरला हवी होती, पण निर्णय तिचा आहे.

तो निर्णय पटतो दोन आयांमुळे. लीची आई जवळपास अंधारातल्या घरात तिला दारातच जुन्या चोरीची आठवण देते. ते पैसे परत करायचे होते, असं ली म्हणते, पण लहानपणीच ती चोर ठरलेली असते. सार्जंटनेही लहानपणी आईचे साठवलेले पैसे घेतले होते. त्याच्या आईने समजावलं, त्याने कष्ट करून फेडले. चूक एकाच जातीची. दिग्दर्शक मिचेल लायझन यावर भाषण देत नाही, फक्त दुसऱ्या घरात दिवे लावतो. (स्टर्जेसच्या संवादांना त्याने कात्री लावली, माझ्या मते बरंच केलं.)

तुम्ही न काढलेला एक दोष मीच सांगतो. नोकर रूफसचं पात्र वर्णद्वेषी थट्टेसाठीच लिहिलेलं आहे. फ्रेड टूंझ या नटाच्या वाट्याला त्या काळी असंच काम येई. ‘तो काळच तसा होता’ म्हणून ते खपवून घेता येत नाही.

विस्मरणाचं म्हणाल, तर नाताळचा हा सिनेमा प्रदर्शित झाला जानेवारी १९४०मध्ये, सण उलटून गेल्यावर. त्याच वर्षी स्टर्जेस स्वतः दिग्दर्शक झाला आणि त्याच्याबद्दलचं बोलणं तिथूनच सुरू होऊ लागलं. स्टॅनविक-मॅकमरी हीच जोडी १९४४च्या ‘डबल इंडेम्निटी’त आली, आणि दोघांचं नाव काढलं की तोच आठवतो. पॅरामाउंट या निर्मात्या स्टुडिओचे १९५०पूर्वीचे बहुतेक बोलपट १९५८मध्ये एमसीए या करमणूक कंपनीला विकले गेले, त्यात हाही गेला, म्हणजे त्याचे हक्क कुणाच्या तरी हातात राहिले. याउलट १९४६चा ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ बघा: १९७४मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचं नूतनीकरण राहून गेलं, वाहिन्यांनी तो दर डिसेंबरला जवळपास फुकटात दाखवला आणि तो घराघरांत पोचला. गंमत म्हणजे दोन्हींत नायकाची आई झालेली नटी ब्यूला बाँडीच आहे.

पुन्हा बघणार असाल तर ९४ मिनिटांची पूर्ण प्रत घ्या, आणि टीव्हीवर चित्र ताणून पडदाभर करू नका. ते मूळ जवळपास चौकोनी आहे. शेवटची उलटतपासणी संपली की लगेच पहिला न्यायालयीन प्रसंग परत लावा, आणि दोन्हीकडे सार्जंटचा आवाज ऐका.