सायबर तज्ज्ञ घडवू पाहणाऱ्या विभागप्रमुखांस

कोकणातल्या आपल्या कॉलेजात सायबर सुरक्षेचं एम.टेक. सुरू करताय? अभिनंदन! २०१३च्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरणात पाच वर्षांत पाच लाख तज्ज्ञ तयार करायचं ठरलं होतं. मुदत केव्हाच उलटली, तेव्हा आता कसली घाई?

आधी उद्घाटन उरका, लॅब मागाहून. मुलांना सरावाचं नेटवर्क हवं असेल तर फळ्यावर काढून द्या, फायरवॉल लाल खडूने. कुणी लॉग (संगणकावरच्या हालचालींच्या नोंदी) वाचायला मागितले, तर जर्नल पूर्ण आहे का विचारा, गप्प बसतो. मुख्य संगणकावर सेलोटेपने चिकटवलेली पासवर्डची चिठ्ठी मात्र काढू नका. खालच्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवर ‘गणपती१२३’, वरच्यावर ‘गणपती१२३४’. याला अपग्रेड म्हणतात.

सहल न्हावा शेवा बंदराला न्या. जून २०१७मध्ये नॉटपेट्या मालवेअरने मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा जगभर आडवी केली, तेव्हा तिथलं त्यांचं टर्मिनलही ठप्प झालं होतं. युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालेली कीड थेट उरणच्या दारात कशी पोचली, हे समजवायला अख्खं सत्र जाईल. नकोच ते. क्रेनसमोर ग्रुप फोटो काढा आणि परतताना सुरमई थाळी बघा.

सर्ट-इनचा, म्हणजे सायबर हल्ले हाताळणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेचा, २०२२चा आदेश आहे, हल्ला लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. परीक्षेत हे ‘रिकाम्या जागा भरा’मध्ये घाला, एक गुण. कार्यालयात काय होतं ते सांगून पोरांना घाबरवू नका: साहेब दौऱ्यावर, टिपणी कुणी मांडायची यावर दोन टेबलांत वाद, जावक क्रमांक देणारा चतुर्थीला गावी, आणि ईमेल पाठवायचा तर त्याच संगणकावरून, ज्याला लागण झालीय. (‘व्हय म्हाराजा’ म्हणत गाऱ्हाणं घालायला तेवढे सहा तास पुरतात.)

नोकरीचं म्हणाल, तर अमेरिकेत सरकारच शिष्यवृत्ती देतं आणि त्या बदल्यात पदवीनंतर काही वर्षं सरकारी सेवा करून घेतं. असले लाड आपल्याला परवडायचे नाहीत. आपण अकरा महिन्यांचं कंत्राट देऊ, तेही एजन्सीमार्फत, पगार तिसऱ्या महिन्यात. एखादी हुशार पोरगी कंटाळून बंगळुरूच्या खासगी कंपनीत गेलीच, तर लगेच तिचा फोटो मागवून प्लेसमेंटच्या बोर्डावर लावा. खाली ‘राष्ट्रसेवेत रुजू’ लिहा. बोर्ड जरा उंच टांगा, म्हणजे झालं.