गॅसचा वास आला की एक्झॉस्ट लावा म्हणे!

'आगीपासून कुटुंब वाचवा, प्रत्येक नाशिककराने वाचा' अशा मथळ्याचा एक मेसेज महिनाभर फिरतोय. खाली ना नाव, ना तारीख. सिडकोतल्या मावशीने त्याची झेरॉक्स काढून फ्रिजवर चिकटवली, म्हणून हे लिहावं लागतंय.

पहिलाच सल्ला जिवावर बेतणारा आहे: 'गॅसचा वास येताच एक्झॉस्ट फॅन लावा, गॅस बाहेर फेकला जाईल.' सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा दीड ते दोन पट जड असतो. तो ओट्याखाली, ट्रॉलीच्या कप्प्यात, फरशीवर पसरतो. एक्झॉस्ट असतो छताजवळ. बरं, फॅन लावायचा म्हणजे बटण दाबायचं, आणि बटणात ठिणगी पडते. हवेत साधारण २ ते ९ टक्के गॅस मिसळला असेल तर तेवढी ठिणगी पुरते. चालू असलेलं बटण बंद करतानाही ती पडतेच. डिसेंबरात आपल्याकडे थंडीमुळे खिडक्या रात्रभर बंद असतात, गळलेला गॅस आतच साठतो आणि पहाटे चहा ठेवायला आलेला माणूस सवयीने दिवा लावतो.

वास आला की चूल आणि रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या सताड उघडा. जमलं तर रेग्युलेटर काढून दोरीने अडकवलेली सेफ्टी कॅप व्हॉल्व्हवर बसवा. मग सगळे बाहेर पडा आणि फोन बाहेरूनच करा: १९०६, गॅस गळतीसाठी चोवीस तास. आग दिसली तर १०१. फ्रिज मात्र कुणाच्या ध्यानात येत नाही. तो आपोआप चालू-बंद होतो, त्याचीही ठिणगी पडू शकते. मीटर जिन्याखाली असेल तर मेन स्विच तिथून पाडा. घरातच असेल तर हात लावू नका. हे माझ्या मनाचं नाही. वास आल्यावर विजेच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका, हे गॅस कंपन्या स्वतःच्या सुरक्षा सूचनांत वर्षानुवर्षं सांगतायत.

नव्या कॉलन्यांत येतोय तो पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. मेसेजला हा फरकच माहीत नाही. बटणाचा नियम मात्र तिथेही तोच.

दुसरा सल्ला: 'कढईतलं तेल पेटलं तर मूठभर पीठ किंवा ओलं फडकं टाका.' पीठ हवेत उडालं की स्वतःच भडकतं. फडक्यातून ठिबकणारं पाणी तेलाखाली जातं, क्षणात वाफ होऊन सुमारे १७०० पट फुगतं आणि जळतं तेल अंगावर उडवतं. शेगडी बंद करा, कढईपेक्षा मोठं झाकण किंवा परात बाजूने सरकवत तिच्यावर ठेवा. कढई पूर्ण गार होईपर्यंत झाकण उचलू नका, लवकर उघडलंत तर तेल पुन्हा पेटतं. आणि पेटलेली कढई उचलून मोरीकडे धावणं, हे तर नकोच.

'एमसीबी सारखा पडतो? मोठ्या अँपिअरचा बसवा.' एमसीबी म्हणजे वीज जास्त वाहिली की आपोआप पडणारा स्विच. मेसेजचं ऐकलं तर दीड चौरस मिमीच्या वायरवर ३२ अँपिअरचा एमसीबी! वायर भिंतीत वितळेल, एमसीबी हूं की चूं करणार नाही. गीझरला निदान अडीच चौरस मिमीची स्वतंत्र वायर घ्या.

सिलिंडरवरच्या अक्षरांवरून 'स्फोटाची तारीख' कळते, हे मेसेजातलं तेवढं अर्धं खरं आहे, मान्य. ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या, पुढचे आकडे वर्षाचे. पण ती पुढच्या चाचणीची मुदत, 'स्फोटाची तारीख' नव्हे. उलटून गेली असेल तर सिलिंडर घेताना दारातच परत करा. त्यापेक्षा रबरी नळीवरचं वर्ष बघा: पाच वर्षं झाली की नळी बदलायची, लांबी दीड मीटरच्या आत, सांधा ओट्यामागे लपलेला नको. दर महिन्याला तिथे साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले तर गळती आहे. काडी ओढून गळती तपासा, असंही त्या मेसेजात लिहिलंय; तसं मुळीच करू नका.