पेशंट आहात ना, मग थोडा पेशन्स ठेवा

औषधाच्या पेटंटला आपल्यासारख्या साध्या माणसाला विरोध करता आला पाहिजे असं तुम्हाला वाटत असेल तर आधी ग्लासभर पाणी प्या आणि हा विचार डोक्यातून काढा. पेटंट कायद्याच्या कलम 25 मध्ये 'कोणीही' विरोध करू शकतो असं लिहिलंय, म्हणजे पेटंट मिळायच्या आधीच कोणीही उठावं आणि अर्जात मोडता घालावा, ही काय पद्धत झाली का?

कंपनीची बाजू पण समजून घ्या ना. समजा मी पोहे शोधून काढले आणि 20 वर्षं पोहे फक्त मीच विकले. विसावं वर्ष जवळ आलं की मी वर शेव भुरभुरणार, नवं पेटंट. मग ओलं खोबरं, अजून एक. आता तुम्ही म्हणाल अहो पोहे तेच आहेत, पण असं बोलणं म्हणजे संशोधनाचा अपमान आहे. आपल्या कायद्यात एक 3(ड) नावाचं खडूस कलम आहे, ते विचारतं की शेव टाकून पोट जास्त भरतं का, म्हणजे औषधाचा गुण खरंच वाढला का. याच कलमावरून सुप्रीम कोर्टाने 2013 मध्ये नोव्हार्टिस कंपनीच्या ग्लिव्हेकच्या पेटंटला नाही म्हटलं, तेही 1 एप्रिलला, कंपनीला आधी गंमतच वाटली असेल. ब्लड कॅन्सरचं औषध, तेव्हा महिन्याला लाखाच्या वर, आणि आपल्याकडच्या कंपन्यांचं तेच आठ-दहा हजारात. एवढं स्वस्त औषध घेऊन माणसाला आजाराचं गांभीर्य तरी कसं कळणार!

आणि त्या दोन मुली, एक मुंबईकडची, एक दक्षिण आफ्रिकेतली. दोघी टीबीतून वाचल्या पण औषधांनी दोघींचे कान गेले. मग घरी गप्प बसायचं की नाही? नाही, 2019 मध्ये बेडाक्विलिन या टीबीच्या औषधाच्या दुसऱ्या पेटंटला विरोध केला. मूळ पेटंट 2023 च्या जुलैत संपत होतं, कंपनीला त्याच औषधाच्या एका सॉल्टवर (म्हणजे क्षाररूपावर, पोह्यांवरची शेवच) 2027 पर्यंत ताणायचं होतं. मार्च 2023 मध्ये मुंबईच्या पेटंट ऑफिसने अर्ज फेटाळला. झाली का चार वर्षांची नासाडी!

असल्या उठाठेवी बघूनच मायबाप सरकारने मार्च 2024 मध्ये नियम सुधारले (सुधारले हा शब्द त्यांचा, मी उसना घेतलाय). आता विरोध करायला फी लागते, आधी फुकट होता, आणि फुकटच्या गोष्टीची लोकांना किंमत नसते हे तर तुम्हाला माहितीच आहे. शिवाय तुमचा विरोध मुळात ऐकण्यासारखा आहे का हे पेटंट ऑफिसचे कंट्रोलर साहेब आधी बघणार. या नियमांचा ड्राफ्ट आला तेव्हा पेशंटांच्या संघटनांनी ओरडा केला होता, तो ऐकून घेतला, ऐकून घ्यायला काय जातं.

पेटंट घेतलेली वस्तू भारतात खरंच मिळते का याचा हिशोब कंपनीला दरवर्षी द्यावा लागायचा, फॉर्म 27, तो आता तीन वर्षांतून एकदा. बायर कंपनीचं नेक्साव्हर हे कॅन्सरचं औषध महिन्याला 2 लाख 80 हजारांचं होतं, 2012 मध्ये आपल्याकडच्या नॅटकोला सक्तीचं लायसन्स (म्हणजे पेटंटवाल्याची मर्जी नसताना तेच औषध बनवायची सरकारी परवानगी) मिळालं आणि ते 8,880 वर आलं, त्या केसमध्ये हाच फॉर्म बायरच्या अंगाशी आला होता. मग फॉर्म कमी भरले तर कटकट कमीच होणार ना.

हे नियम 15 मार्चला आले आणि बरोब्बर पाच दिवस आधी, 10 मार्चला, स्वित्झर्लंड (नोव्हार्टिसचं माहेर) वगैरे चार देशांशी व्यापार करार झाला होता. आता यात काही संबंध जोडत बसू नका, मार्च एंडला सगळीच कामं उरकायची असतात.

तेव्हा नेक्स्ट टाइम केमिस्टने बिल हातात दिलं की हसून पैसे द्या. आणि हो, उद्या सकाळी पोह्यांवर लिंबू पिळताना जरा चौकशी करून घ्या, कुणाचा तरी अर्ज पेंडिंग असेल.