घोड्या-गाढवांच्या काटकपणाविषयी थोडे सविस्तर

घोडे आणि गाढवे मुळातच काटक असतात, असे सर्रास म्हटले जाते आणि ते खरेही आहे. माझा आक्षेप आहे तो त्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षांना. गाढव काटक आहे, त्याला काहीही चालते, असे मानून त्याच्याकडे दुर्लक्ष केले जाते. घोड्याच्या बाबतीत पुष्कळदा नेमके उलटे घडते आणि त्याच्या अंगच्या ताकदीवर विश्वास न ठेवता त्याला बंद तबेल्यात, जाड झुलीखाली आणि भरपूर चंदीवर जपले जाते. दोन्हीकडे हाल जनावराचेच होतात, कारण या प्राण्यांची सहनशक्ती दिवसभर चालणे, सतत चरणे आणि सोबत्यांचा सहवास यांवर अवलंबून असते आणि या गोष्टी काढून घेतल्या की ती झपाट्याने ओसरते.

गाढवाचे पूर्वज आफ्रिकेतील रानगाढव. सुमारे 7000 वर्षांपूर्वी पूर्व आफ्रिकेत ते माणसाळले, असे जनुकीय अभ्यास सांगतात. रुक्ष प्रदेशातील हा वारसा त्याच्या शरीरात आजही जसाच्या तसा आहे. शरीराच्या वजनाच्या 20 टक्क्यांहून अधिक पाणी गमावूनही गाढव तग धरते आणि पाणी मिळताच काही मिनिटांत ती तूट भरून काढते. उन्हात ते शरीराचे तापमान थोडे वाढू देते आणि घाम उशिरा सोडते, म्हणजे पाणी वाचते. निकृष्ट, वाळक्या चाऱ्यातील तंतू ते घोड्यापेक्षा चांगले पचवते, आणि चाऱ्यात प्रथिने कमी असली तर मूत्रावाटे जाणारा युरिया काही प्रमाणात आतड्यात परत वळवून आतड्यातील सूक्ष्मजीवांना पुरवते. अमेरिकेतील सोनोरन वाळवंटात रानटी झालेली गाढवे आणि घोडे कोरड्या नदीपात्रात खुरांनी खणून जवळजवळ दोन मीटर खोलीवरचे पाणी गाठतात, असे 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नोंदवले आहे. त्या खड्ड्यांवर इतर वन्य प्राणी आणि पक्षीही पाणी पितात, आणि सोडून दिलेल्या काही खड्ड्यांत नदीकाठच्या झाडांची रोपे उगवलेली आढळली. ज्या प्राण्याचे नाव आपण शिवी म्हणून वापरतो, त्याचे हे कर्तृत्व मला फार मोठे वाटते.

पण याच प्राण्याला जे सर्वांत महागात पडते, ते म्हणजे त्याचे दुखणे लपवणे. पोटशूळ उठलेला घोडा खुराने जमीन उकरतो, पोटाकडे वळून पाहतो, लोळतो. त्याचे काहीतरी बिनसले आहे, हे नवख्यालाही कळते. तितक्याच गंभीर पोटशुळात गाढव बहुधा मान खाली घालून नुसते उभे राहते. शिकारी प्राण्यांच्या नजरेत दुबळे दिसू नये म्हणून जडलेली ही सवय आहे आणि माणूस तिचा अर्थ ‘याला फारसे काही झालेले नाही’ असा लावतो. त्यातच गाढवाने खाणे सोडले, की शरीरात साठलेली चरबी मोठ्या प्रमाणावर रक्तात उतरते, यकृतावर ताण येतो आणि वेळीच उपचार न झाल्यास ते दगावू शकते. लठ्ठ आणि गाभण गाढवांना हा धोका विशेष असतो. म्हणून ‘आज जरा सुस्त आहे, उद्या बघू’ हे वाक्य गाढवाच्या बाबतीत कोणीही उच्चारू नये, असे मला कळकळीने वाटते. उपचार करतानाही गाढव म्हणजे लहान आकाराचा घोडा, असे धरून चालत नाही. काही वेदनाशामक औषधे त्याच्या शरीरातून घोड्यापेक्षा लवकर बाहेर पडतात आणि दोन मात्रांमधील अंतर त्यानुसार ठरवावे लागते.

पावसाचेही तसेच. गाढवाचे केस घोड्याच्या केसांइतके पाणी अडवत नाहीत आणि कोरड्या, खडकाळ जमिनीसाठी घडलेले त्याचे खूर सततच्या ओलीत मऊ पडून सडू लागतात. ज्याला आपण बिनदिक्कत उघड्यावर बांधतो, त्यालाच पावसात छपराची अधिक गरज असते.

घोड्याची गोष्ट थंडीत उलगडते. सायबेरियातील याकुत घोडे उणे 50 अंशांखालच्या थंडीत उघड्यावर राहतात आणि बर्फ उकरून गवत खातात. दिवस लहान होऊ लागले की घोड्याच्या अंगावर दाट केस येतात, गारठ्यात ते उभे राहून हवेचा थर धरून ठेवतात आणि मोठ्या आतड्यात वैरण आंबताना निर्माण होणारी उष्णता शरीराला आतून ऊब देते. निरोगी, कोरड्या अंगाच्या आणि वाऱ्यापासून आडोसा मिळालेल्या घोड्याला पोटभर वैरण हीच पहिली झूल आहे. म्हाताऱ्या, कृश, आजारी किंवा केस कापलेल्या घोड्याला झूल जरूर घालावी. धडधाकट घोड्यावर ती सरसकट चढवली की केस दबतात आणि ही सगळी व्यवस्था निकामी होते. चंदीचेही भान हवे. घोड्याच्या जठरात आम्ल सतत पाझरते, पण ते सौम्य करणारी लाळ फक्त चावताना सुटते. त्यामुळे दोन वेळा भरपूर दाणा आणि मधले तास रिकामे, ही पद्धत जठरात व्रण निर्माण करते. शर्यतीच्या घोड्यांमध्ये हे व्रण फार मोठ्या प्रमाणावर आढळतात, यात मला नवल वाटत नाही.

राहिला सोबतीचा प्रश्न, जो सर्वांत कमी विचारात घेतला जातो. गाढवे जोडीदाराशी इतकी घट्ट बांधली जातात, की तो गेल्यावर मागे राहिलेले गाढव खाणे सोडू शकते आणि वर सांगितलेला चरबीचा आजार तिथूनच सुरू होतो. म्हणून जोडीदार मेल्यास मागे राहिलेल्या गाढवाला स्वतःहून बाजूला होईपर्यंत त्या देहाजवळ राहू द्यावे, पुढचे काही दिवस त्याच्या खाण्यावर बारीक लक्ष ठेवावे, आणि मुळात एकटे गाढव पाळूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.