बोटांचा चाळा नव्हे

गेले काही दिवस एक मजकूर फिरतो आहे. मला तो नागपुरातल्या धरमपेठेतल्या मित्राने पाठवला, महाल भागातल्या काकांनी पाठवला, शेवटी बहिणीनेही पाठवला. म्हणणं असं: व्हिडिओ गेम म्हणजे बोटांचा चाळा, त्यात मारामारीशिवाय काही नाही. जिथे जिंकायचं असतं तिथे कला कसली? भावना असलीच तर सिनेमातून उचललेली. आणि आपलं तर त्यात काहीच नाही. हे वाचून मला गप्प बसवत नाही.

मारामारी आहे, भरपूर आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमांवर केंद्राने २०२५ मध्ये कायद्याने बंदी आणली, तेही योग्यच झालं. पण म्हणून सगळे एकाच मापाने मोजायचे? लुकास पोप यांचा 'पेपर्स, प्लीज' (२०१३) बघा. हुकूमशाही देशाच्या सीमेवर तुम्ही कागद तपासायला बसलेले. नवऱ्याचे कागद चोख असतात, पाठोपाठ बायको येते, तिच्याकडे परवाना नाही. तिला आत सोडलं तर चूक तुमच्या नावावर. चुका वाढल्या की दंड, आणि दंड म्हणजे घरातल्या आजारी माणसाचं औषध राहून जाणार. हातात होकाराचा आणि नकाराचा असे दोन शिक्के. मी त्या बाईसमोर बराच वेळ थांबलो होतो.

जिंकण्याचा आक्षेप अमेरिकी सिनेमा-समीक्षक रॉजर ईबर्ट यांनीही २०१० मध्ये घेतला होता. पण 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर' (२०१६) मध्ये जिंकायचं काय? ग्रीन दांपत्याने आपल्या लहान मुलाच्या, जोएलच्या, आजारपणावर तो गेम केला. जोएल २०१४ मध्ये गेला. इस्पितळातल्या एका रात्री लेकरू तहानेने रडतं, आणि तुम्ही काहीही करून पाहिलं तरी ते रडणं तुमच्याने थांबत नाही.

आता सिनेमातून उचलल्याचं. (पुढे एका गेमचा शेवट सांगतोय, खेळायचा असेल तर हा परिच्छेद सोडा.) मे महिन्याची दुपार, कूलर सुरू, आणि दहावीची परीक्षा देऊन आलेला भाचा जोसेफ फारेस यांचा 'ब्रदर्स: अ टेल ऑफ टू सन्स' (२०१३) खेळत होता. त्यात डाव्या हाताच्या बटणांनी थोरला भाऊ चालवायचा, उजव्याने धाकटा. आई बुडून गेलेली, म्हणून धाकटा पाण्याला भितो. दादाच्या पाठीला धरूनच पाणी ओलांडतो. पुढे दादा मरतो. धाकट्याच्या हातांनी त्याच्यावर माती लोटावी लागते, ती खेळणाऱ्यालाच. मग घराच्या वाटेवर पुन्हा पाणी लागतं. भाचा उजवं बटण दाबून दाबून थकला. "मामा, हा काहून पाण्यात जाऊन नाही राहिला?" मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने इतका वेळ रिकामं असलेलं त्याचं डावं बोट आपसूक दादाच्या बटणावर गेलं, आणि धाकटा पोहू लागला. पलीकडे पोहोचल्यावरही भाच्याने ते बटण सोडलं नव्हतं. सिनेमा हे दाखवू शकला असता. गेलेल्या भावाची ताकद बोटाखाली जाणवून द्यायला मात्र हातात काहीतरी असावं लागतं. हे उचललेलं नाही, गेमचं स्वतःचं आहे.

आणि 'आपलं काही नाही' म्हणाल तर 'राजी' हा २०२० चा गेम पुण्यात घडला. 'वेन्बा' (२०२३) मध्ये कॅनडात गेलेली तमिळ आई आपल्या आईच्या खराब झालेल्या वहीतून इडली, पुट्टू करते. पुसलेल्या ओळी आपण अंदाजाने भरायच्या. बहिणीला मी तोच खेळायला बसवणार आहे. आमच्या आईची वही तिच्याकडेच असते. त्यातल्या सांबारवडीच्या पानावरचा अर्धा मजकूर तेलाने पुसला गेला आहे.