‘दहा मिनिटांच्या कामाला दोन दिवस’: तुमच्या एका स्टारला उत्तर

नमस्कार सर,

उत्तर नंतर वाचा. आधी रिव्ह्यूसोबत टाकलेला आमच्या लॅपटॉप रिपेरिंगच्या दुकानाच्या पावतीचा फोटो काढून टाका. त्यात तुमचा मोबाइल नंबर दिसतो. खाली ‘पासवर्ड’ असा रकाना आहे, त्यात आमच्या दुकानातल्या पोरानं तुमचा नवा पिन ठळक अक्षरात लिहिलाय. फोटो काढून टाकला की पिनही बदला. त्या रकान्याचं पुढं बोलतो, ती चूक आमचीच आहे.

आता तुमची तक्रार. विसरलेल्या पिनमुळं बंद पडलेला लॅपटॉप उघडायचं दहा मिनिटांचं काम, औशाहून दोन चकरा, 600 रुपये, आणि वर आधारची झेरॉक्स मागून चोरासारखं वागवलं.

‘दहा मिनिटं’ हा शब्द आमच्याच काउंटरवरून गेला. मी त्या दिवशी उदगीरला होतो आणि पोरानं लॅपटॉप चालू करून न बघताच सांगून टाकलं. विंडोज 7 च्या काळात तसं होतंही. पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करायचं, पासवर्डची नोंद जिथं असते तिथं ती कोरी करायची, झालं काम. तुम्ही आम्हाला दाखवलेला यूट्यूबचा व्हिडिओ तोच.

तुमचा लॅपटॉप विंडोज 11 चा, मायक्रोसॉफ्ट खात्यानं सुरू केलेला. अशा नव्या मशीनची डिस्क बऱ्याचदा पहिल्या दिवसापासूनच एन्क्रिप्ट झालेली असते, म्हणजे किल्लीशिवाय वाचताच येणार नाही अशी कुलूपबंद, आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी हाती काही लागत नाही. एसटीत लॅपटॉप विसरला तर हे फार कामाचं आहे. फक्त किल्ली हरवली की मालकही चोराच्याच रांगेत उभा राहतो.

तुमच्या बाबतीत गाठ दोन ठिकाणी होती. पिन विसरला तर मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड टाकून नवा पिन करता येतो, त्याला फक्त नेट लागतं. पण ते खातं तुमच्या मुलानं पुण्यात बसून स्वतःच्या ईमेलवर काढलेलं, आणि त्याचाही पासवर्ड कुणाच्या लक्षात नाही. दुसरी गाठ अशी की आमच्याकडे येण्याआधी कुणीतरी बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या सेटिंगमध्ये, बोटं घातली होती. बूटची सेटिंग बदलली की मशीनला शंका येते आणि निळा पडदा लावून 48 अंकी रिकव्हरी की मागत बसतं. ती की त्याच खात्यात ठेवलेली असते. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच.

एक दिवस गेला तो मुलाला फोन लागेपर्यंत. तो परीक्षेत होता. त्याचा मोबाइल नंबर तोच असल्यामुळं ओटीपी आला, खातं उघडलं, त्यानं की वाचून दाखवली, आम्ही 48 आकडे टाकले. ती नशिबाची गोष्ट म्हणा. खात्याला जोडलेला नंबरच बंद झाला असता आणि सगळी माहिती नव्यानं द्यावी लागली असती, तर मायक्रोसॉफ्ट 30 दिवस थांबवतं. मग दोन दिवसांचं तुम्हाला काही वाटलं नसतं.

फॉरमॅट मारून अर्ध्या तासात लॅपटॉप हातात दिला असता, पैसेही कमी लागले असते. घरी गेल्यावर लेकीच्या लग्नाचे फोटो शोधले असते तेव्हा काय? 600 रुपये त्याचे घेतले, आणि ते मी परत करणार नाही.

कागद का मागतो तेही सांगतो. लॅपटॉप हातात घेऊन ‘पासवर्ड काढून द्या’ म्हणणारा प्रत्येक माणूस मालकच असतो असं नाही. कुणी भावाचा आणतं, कुणी बायकोचा, कुणी सापडलेला. तुमच्या जागी तुमचा लॅपटॉप घेऊन दुसरा कुणी आला असता, आणि आम्ही न विचारता उघडून दिला असता, तर? पण यासाठी आधारची झेरॉक्स लागत नाही. बिल किंवा खोक्यावरचा सिरियल नंबर जुळला की पुरे. पोरानं सवयीनं झेरॉक्स घेतली, ते चुकलं. ‘चोरासारखं’ वाटलं असेल तर त्याची माफी मागतो.

आणि तो रकाना. लातुरात काय, कुठंही बऱ्याच रिपेरिंगच्या दुकानांत पासवर्ड पावतीवर लिहून घ्यायची पद्धत आहे. मी 11 वर्षं तेच केलं, कधी मनात आलं नाही. तुमचा फोटो बघून पोटात गोळा आला. जुनी पावतीपुस्तकं बाद केलीत. आता काम झालं की गिऱ्हाईकानं स्वतःच्या हातानं नवा पिन टाकायचा आणि आम्ही तोंड फिरवायचं.

घरी एवढं करा. मायक्रोसॉफ्ट खात्यात तुमचा स्वतःचा नंबर जोडा, नुसता मुलाचा नको. ती 48 अंकी की कागदावर लिहून सातबाऱ्याच्या फायलीत ठेवा, लॅपटॉपच्या बॅगेत नाही. फोटोंची एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या आणि घेतली की डिस्क काढून ठेवा. नातवासाठी वेगळं साधं खातं काढा, ॲडमिनचे अधिकार नसलेलं, म्हणजे गेमच्या नावाखाली त्याला वाट्टेल ते सहज बसवता येणार नाही. तुम्ही म्हणालात घरी जुना डेस्कटॉप आहे, त्यावर विंडोज 10 असेल तर त्याचा नेहमीचा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय. त्यावर बँकेचं काम नको. आणि कुणी फोन करून ‘तुमच्या कॉम्प्युटरला व्हायरस आलाय, हे ॲप टाका’ म्हणालं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन लावा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

तुमच्या आधारची झेरॉक्स आमच्या ड्रॉवरमध्ये वेगळी काढून ठेवलीय. गंजगोलाईकडं आलात की घेऊन जा, नाहीतर समोर फाडतो. रिव्ह्यूतला फोटो मात्र आजच काढून टाका.